सांगलीत राहत्या घरातून व्यवसाय : झोन, वीज, परवाने. नेमकं काय चालतं आणि कुठे अडतं?

विश्रामबाग_दक्षिण

प्रश्न सांगली महापालिका हद्दीतला आहे. विश्रामबाग भागात मंजूर लेआउटमधलं तळमजला अधिक एक असं स्वतंत्र घर. लेआउटमध्ये समोरचा रस्ता ७.५ मीटर दाखवलाय. बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र दोन्ही आहेत, वापर 'निवासी'.

दोन कामं करायची आहेत. तळमजल्यावर भडंग, कांदा-लसूण चटणी, शेंगदाण्याची चटणी. वरच्या खोलीत ब्लाउज आणि ड्रेस शिलाई, तीन मशीन, दोन बायका पगारावर. उद्यम (लघुउद्योगाची नोंदणी) आणि शॉप अ‍ॅक्ट काढलं की काम झालं असं एजंट सांगतो. शेजारचे म्हणतात रहिवासी भागात मुळातच काही चालत नाही. खरं काय? नियमाच्या आधारानं कुणी सांगेल का?

---

नकाशावाला

दोघांचंही पूर्ण बरोबर नाही. सविस्तर लिहितो, कारण हा गोंधळ जवळजवळ प्रत्येक गल्लीत आहे.

सांगली, मिरज आणि कुपवाड महापालिकेला राज्याची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात. डिसेंबर २०२० पासून ती अमलात आहे. कुठल्या झोनमध्ये कुठला वापर चालतो हे त्यात ठरतं. उद्यम, शॉप अ‍ॅक्ट, अन्न नोंदणी, जीएसटी यांतला एकही कागद 'या जागेत हा वापर चालेल' असं सांगत नाही. ते कागद धंद्याचे आहेत. जागेचा प्रश्न नगररचनेचा आणि तो वेगळाच सोडवावा लागतो.

रहिवासी झोनचे दोन भाग पडतात, आर-१ आणि आर-२. फरक समोरच्या रस्त्याच्या रुंदीवरून. रस्ता ९ मीटरपेक्षा कमी असेल तर आर-१ धरूनच चाला. तुमचा ७.५ मीटर, म्हणजे आर-१. रुंदी मोजायची ती मंजूर लेआउटमधली किंवा विकास योजनेतली. दोन कंपाउंडमध्ये टेप धरून मोजलेली रुंदी इथे कामाची नाही. बऱ्याच ठिकाणी रस्ता प्रत्यक्षात रुंद वाटतो आणि कागदावर ६ मीटरच असतो.

आता महत्त्वाचं. आर-१ मध्ये रूढ घरगुती व्यवसायाला परवानगी आहे. पण त्याची व्याख्या नीट वाचा, सगळं तिच्यातच आहे. तिच्या अटी साध्या भाषेत अशा:

काम त्या घरात राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसानंच करायचं, पगारी मजूर नको. घराकडे बाहेरून बघून इथे धंदा चालतो असं दिसेल असा फलक किंवा मांडणी नको. जे तिथे तयार होतं तेच विकायचं, बाहेरून आणून विकायचं नाही. लोकांनी येऊन बसून खावं-प्यावं असं ठिकाण नको. माल किंवा प्रक्रिया धोकादायक नको, शेजाऱ्यांच्या सुरक्षिततेला बाधा नको. यंत्रं घरात एरवी वापरतात तशीच. आणि मोटर वापरली तर एकूण भार ०.७५ किलोवॅटच्या आत, म्हणजे एक हॉर्सपॉवर.

शिलाई आणि भरतकाम ही तर या तरतुदीची ठरलेली उदाहरणं आहेत. तुमच्या बाबतीत शिलाई अडत नाही, अडतात त्या दोन पगारी बायका. चटणी अडत नाही, अडू शकतो तो पल्व्हरायझर, म्हणजे मसाला दळायचं मोटरचं यंत्र, घेणार असाल तर.

साड्या घाऊक आणून घरी विकणं लोकांना सगळ्यात निरुपद्रवी वाटतं. व्याख्येप्रमाणे तेच बसत नाही, कारण साडी तिथे तयार होत नाही. ते दुकानच.

---

मीटर_रीडिंग

नकाशावाला सरांच्या ०.७५ किलोवॅटमध्ये काय बसतं त्याचा हिशेब.

शिलाई मशीनची घरगुती मोटर साधारण १०० वॅटची. अशा तीन लावल्या तरी ३०० वॅट. पण जुन्या पद्धतीची क्लच मोटर असलेलं इंडस्ट्रियल मशीन घेतलं तर ती बहुधा अर्ध्या हॉर्सपॉवरची, म्हणजे ३७० वॅटच्या आसपास. दोन मशीनला ७४० होतात आणि तिथेच मर्यादा संपते. तिसरं मशीन किंवा ओव्हरलॉक (कापडाच्या कडा शिवायचं मशीन) आलं की बाहेर. मोटरच्या प्लेटवर वॅट लिहिलेले असतात, घेण्याआधी बघा आणि बिलावर लिहून घ्या.

चटणीसाठी घरचा मिक्सर ५०० ते ७५० वॅटचा. तो घरगुती वापराचंच यंत्र आहे, त्यावर वाद होत नाही. पण मसाल्याचा पल्व्हरायझर सहसा दोन हॉर्सपॉवरपासून सुरू होतो, १.५ किलोवॅट. तो व्याख्येतल्या मर्यादेच्या दुप्पट झाला.

दुसरा मुद्दा वीजदराचा. हा नगररचनेपेक्षा वेगळा आहे, दोन्ही एकत्र करू नका. महावितरणच्या घरगुती दरात एक सवलत आहे जी फार कमी जणांना माहीत असते. राहत्या घराच्या काही भागात व्यवसाय चालत असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत, मागच्या आर्थिक वर्षात एकूण ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागतो. हे युनिट त्या मीटरवरचे सगळे, घराचे आणि धंद्याचे मिळून. एप्रिल-मेमध्ये एसी चालला आणि ४०० युनिट झाले तरी ते धंद्याच्याच खात्यात मोजले जातात. आर्थिक वर्ष संपल्यावर तपासणी होते, ३,६०० ओलांडले की पुढे त्या दराचा हक्क जातो.

वकील, डॉक्टर, सीए, इंजिनिअर यांनी राहत्या घरातून आपला पेशा केला तर त्यांच्यासाठी घरगुती दरात वेगळी नोंद आहे. रुग्णालय किंवा शस्त्रक्रियेची खोली त्यात येत नाही.

मर्यादा ओलांडूनही घरगुती मीटरवरच धंदा चालू ठेवला तर वीज कायदा २००३ चं कलम १२६ लागतं. मंजूर कारणापेक्षा वेगळा वापर म्हणजे अनधिकृत वापर, आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट. कधीपासून चालू होतं ते ठरवता आलं नाही तर तपासणीच्या आधीचे १२ महिने धरतात. आधी तात्पुरती आकारणी हातात येते, तिच्यावर लेखी हरकत घ्यायची. अंतिम आदेश पटला नाही तर कलम १२७ खाली ३० दिवसांत अपील, पण आकारलेल्या रकमेचा निम्मा भाग भरूनच. त्यामुळे हरकतीच्या टप्प्यावरच मागच्या १२ बिलांच्या प्रती जोडा, अपिलापर्यंत थांबू नका.

---

चटणीभाकर

विश्रामबाग ताई/दादा, पल्व्हरायझरचा उपाय सोपा आहे. मिरची आणि मसाला भाजणं, निवडणं, मिसळणं, भरणं घरी. दळणं बाहेर कांडपावर. उन्हाळ्यात सांगलीत कांडपाला रांगा असतात, पण दोन हॉर्सपॉवरची मोटर आणि तिखटाची धूळ दोन्ही घराबाहेर राहतात. तक्रार येते ती याच धुळीवरून. मिरची भाजताना सुटणारा ठसका चार घरं पुढे जातो. खिडकीतला साधा एक्झॉस्ट तो थेट शेजारच्या बेडरूममध्ये सोडतो. डक्ट गच्चीच्या वर नेऊन उंचावर सोडा, आणि भाजण्याची वेळ सकाळी दहा ते बारा ठेवा, लोक कामावर आणि मुलं शाळेत असतात.

भडंगाचं वेगळं. तिथे मोटर नाहीच, आहे ती भट्टी आणि तेल. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो. परवान्याशिवाय १०० किलोपर्यंत एलपीजी ठेवता येतो, पण राहत्या घरात एक चालू आणि एक भरलेला यापुढे जाऊ नका. सिलिंडर उभा, जमिनीच्या पातळीवर, हवेशीर जागी. एलपीजी हवेपेक्षा जड, गळती झाली तर खाली साचतो, म्हणून तळघर किंवा जिन्याखालची कोंदट जागा नको. चुरमुऱ्याची पोती भट्टीपासून लांब, मध्ये भिंत असेल तर उत्तम.

अन्नाचे कागद: वार्षिक उलाढाल नोंदणीच्या मर्यादेत असेल तर परवाना लागत नाही, नोंदणी पुरते. फॉस्कोस या अन्न परवान्यांच्या पोर्टलवर अर्ज आणि फी. फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा. १४ आकडी क्रमांक येतो, तो प्रत्येक पाकिटावर. त्या मर्यादेच्या वर राज्य परवाना. तिथे जागेचा आराखडा, यंत्रांची यादी, पाण्याचा तपासणी अहवाल हे सगळं सुरू होतं आणि घराचा निवासी वापर तिथेच आड येतो.

पाकिटावर काय हवं: पदार्थाचं नाव, घटक उतरत्या क्रमानं, पोषणमूल्य, शाकाहारी चिन्ह, निव्वळ वजन, बॅच, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावं, सर्व करांसहित किंमत, बनवणाऱ्याचं पूर्ण नाव-पत्ता, तक्रारीसाठी संपर्क. शेंगदाणा ठळक लिहा, तो अ‍ॅलर्जी होणाऱ्या घटकांत मोडतो. शेंगदाण्याच्या चटणीच्या यंत्रात नंतर दुसरी चटणी केली तर तिच्या पाकिटावरही 'शेंगदाण्याचा अंश असू शकतो' हे हवं.

वजन करून बंद पाकीट विकणार म्हणजे वैधमापन विभागाकडे पॅकर म्हणून नोंदणी, ५०० रुपये. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी. बाजारात मिळणारा 'किचन स्केल' शिक्का नसलेला असतो, त्यावर वजन करून विकता येत नाही. काटा घेतानाच पडताळणी प्रमाणपत्र मागा.

---

पेठभाग

ओव्हनचं काय? केक करणाऱ्या घरोघरी आहेत. ओटीजीच (घरगुती विजेचा ओव्हन) दीड-दोन किलोवॅटचा असतो. मग सगळे केकवाले ०.७५ च्या बाहेर का?

---

नकाशावाला

व्याख्येत ०.७५ किलोवॅटची मर्यादा यंत्रशक्तीच्या संदर्भात आहे, म्हणजे मोटरनं फिरणारी यंत्रं. ओटीजी, इस्त्री, गीझर हा उष्णतेचा भार. माझ्या वाचनानुसार घरगुती ओटीजी आणि हँड मिक्सर व्याख्येत बसतात, कारण ती घरात एरवी वापरली जाणारीच साधनं आहेत. पण बेकरीचा डेक ओव्हन आणला तर 'घरात एरवी वापरतात तशी यंत्रं' ही अट तुटते, किलोवॅट कितीही असो.

---

मीटर_रीडिंग

इथे माझं मत थोडं कडक आहे. व्याख्येच्या वाक्यात 'एकूण विद्युत भार' असा शब्द आहे. मोटर एकदा आली की एकूण भार मोजायचा, असाही अर्थ तपासणीला येणारा माणूस लावू शकतो. म्हणून प्लॅनेटरी मिक्सरसारखं मोटरचं मोठं यंत्र आणि ओव्हन एकत्र आणू नका. आणि ३०० युनिट लक्षात ठेवा, म्हणजे दिवसाला १० युनिट, घरासकट. ६ किलोवॅटचा डेक ओव्हन दोन तास पूर्ण भारावर चालला तर एकटाच १२ युनिट खातो. थर्मोस्टॅट मध्ये मध्ये बंद करतो म्हणून प्रत्यक्षात कमी होतील, तरी घराच्या वापरात मिळवल्यावर मर्यादेत राहणं कठीण.

शिवाय घराचा मंजूर भार बघा. तो बिलावर लिहिलेला असतो. दोन-तीन किलोवॅटच्या मंजूर भारावर डेक ओव्हन लावणं ही आगीची तयारी आहे. आतलं वायरिंग १.५ चौरस मिमीचं असेल तर ओटीजीसाठीसुद्धा मुख्य बोर्डापासून वेगळी ४ चौरस मिमीची तांब्याची तार, वेगळा एमसीबी आणि चांगलं अर्थिंग घ्या.

---

माधवनगर_पेठ

आम्ही महापालिकेच्या बाहेर, माधवनगर ग्रामपंचायतीत. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला मिळाला की पुरेसं ना?

---

नकाशावाला

नाही. ग्रामपंचायतीचा दाखला ग्रामपंचायतीची हरकत नाही एवढंच सांगतो. महापालिका आणि नगरपरिषदेबाहेर प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रातही यूडीसीपीआर लागू आहे, पण अधिकार जिल्हाधिकारी आणि नगररचना शाखेकडे. घरगुती व्यवसायाची व्याख्या तीच. त्या व्याख्येत राहिलात तर वेगळी बांधकाम परवानगी काढायची गरज पडत नाही. बाहेर गेलात तर दाखला असूनही वापर अनधिकृतच राहतो.

दुसरं, जमिनीचा एन.ए. (बिगरशेती) आदेश काढून बघा. त्यात 'रहिवास' लिहिलं असेल आणि तुम्ही शेडमध्ये माल भरायला लागलात तर महसूल खात्याचा शर्तभंग वेगळा सुरू होतो. बुधगाव, कवलापूर भागात घरामागे पत्र्याची शेड मारून पॅकिंग सुरू करतात. ती शेड नकाशात नसते, आणि नोटीस येते ती धंद्यापेक्षा आधी त्या शेडला.

---

अजिंक्यतारा

साताऱ्याकडच्या वाचकांसाठी एक जोड. सातारा नगरपरिषद हद्दीत हीच नियमावली लागू आहे. महाबळेश्वर आणि पाचगणी मात्र वेगळी. गिरिस्थान नगरपरिषदा आणि पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र यूडीसीपीआरमधून वगळलेलं आहे. तिथे घरी जॅम, सरबत किंवा राहण्याच्या खोल्यांचा व्यवसाय करायचा असेल तर तिथल्याच नियमावलीत आणि अधिसूचनेत बघावं लागेल, वरचे आकडे तिथे लावू नका.

आणि कंदी पेढ्याबद्दल: खवा आटवायला सतत आच लागते, लाकूड-कोळशाच्या भट्टीचा धूर हा शेजाऱ्यांना बाधा या अटीत सरळ सापडतो. रहिवासी गल्लीत गॅसवरच करा.

---

शामरावनगर_पूर्व

गुंठेवारीतल्या, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय गुंठ्यागुंठ्यानं विकलेल्या जागेवरच्या घरांचं काय?

---

नकाशावाला

चांगला प्रश्न, कारण सांगलीचा मोठा भाग गुंठेवारीत वाढलाय. २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमितीकरणाचं प्रमाणपत्र आहे का, हे आधी बघा. २०२१ च्या दुरुस्तीनं ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करायची सोय झाली. प्रमाणपत्र नसेल तर मंजूर नकाशा नाही, आणि मंजूर नकाशा नसेल तर वापर बदलाचा प्रस्ताव दाखलच करता येत नाही. घरपट्टीची पावती यावर उत्तर नाही. महापालिका अनधिकृत बांधकामालाही कर लावते. कर भरला म्हणून बांधकाम किंवा वापर कायदेशीर ठरत नाही.

एजंट नेमकी हीच पावती 'पुरावा' म्हणून दाखवतात आणि लोक विश्वासानं पैसे गुंतवतात, याचं फार वाईट वाटतं. पहिला रुपया यंत्रावर घालण्याआधी नगररचना विभागातून झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. अर्जासोबत सिटी सर्व्हे उतारा किंवा सातबारा, मोजणी नकाशा आणि फी. झोन, रस्त्याची रुंदी, आरक्षण, पूररेषा हे सगळं एकाच वेळी समोर येतं.

---

कृष्णाकाठची

पूररेषेचा उल्लेख आला म्हणून. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ आणि २०२१ या दोन्ही वर्षी पाणी त्याच्या खूप वर गेलं. गावभाग, शामरावनगर, सांगलीवाडी भागात तळमजल्यावर माल ठेवून धंदा करणाऱ्यांनी दोन गोष्टी बघाव्यात.

एक, घराचा विमा. घराच्या पॉलिसीत घरातलं सामान येतं, विक्रीचा माल आणि कच्चा माल येत नाही. चुरमुऱ्याची ५० पोती आणि तेलाचे डबे भिजले तर घराच्या पॉलिसीवर दावा नाकारला जातो. माल आणि यंत्रांसाठी वेगळी पॉलिसी, त्यात पूर हा धोका समाविष्ट आहे हे लेखी बघून. पॉलिसी घेताना जागा निवासी आहे आणि तिथे व्यवसाय होतो, हे दोन्ही अर्जात स्पष्ट लिहा. लपवलं तर दाव्याच्या वेळी तेच कारण पुढे येतं.

दुसरं, मीटर आणि मोटरचे स्विच शक्य तितके वर. कच्चा माल पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, पंधरा दिवसांपेक्षा जास्त साठवू नका.

---

मिरज_किल्ला

मिरजेच्या तंतुवाद्यांबद्दल विचारायचं होतं. सतारी-तंबोऱ्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या राहत्या घरातच होतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. हे 'रूढ' व्यवसायात येतं ना?

---

नकाशावाला

भोपळा कोरणं, दांडी घडवणं, जवारी काढणं हे हातकाम, कुटुंबातल्या लोकांनी केलेलं, व्याख्येत अगदी नीट बसतं. अडचण दोन ठिकाणी. पॉलिश आणि थिनर ज्वालाग्राही आहे, साठा जास्त झाला की 'धोकादायक नको' ही अट मोडते. डबे लागतील तेवढेच आणा, लाकडाचा भुसा त्याच खोलीत साचू देऊ नका. आणि बँड सॉ किंवा मोठी लेथ आली की मोटरचा प्रश्न. मानांकन हे नावाचं संरक्षण आहे, जागेच्या वापराशी त्याचा संबंध नाही.

---

विश्रामबाग_दक्षिण

खूप स्पष्ट झालं, सगळ्यांचे आभार. राहिलेले प्रश्न: शिलाईसाठी त्या दोघी पगारावर न ठेवता काय करता येईल? जीएसटी लागेल का? माल उगार, अथणीकडेही द्यायचा विचार आहे. आणि तक्रार झालीच तर पुढे काय होतं?

---

चटणीभाकर

जीएसटीचं मी सांगते. राज्यातल्या राज्यात माल विकताना ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. पण उगार, अथणी कर्नाटकात. राज्याबाहेर माल विकला की उलाढालीची मर्यादा उरत नाही, पहिल्या बिलापासून नोंदणी लागते. सांगली-मिरजेच्या व्यावसायिकांचा पाय इथेच घसरतो, कारण अंतर ४०-५० किलोमीटर आणि लोक तेच, त्यामुळे परराज्य वाटतच नाही. सुरुवातीला माल म्हैसाळच्या अलीकडेच विका. ऑनलाइन पोर्टलवरून राज्यातच विकायचं असेल तर ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला पूर्ण नोंदणीऐवजी नावनोंदणी क्रमांकावर चालतं.

---

नकाशावाला

त्यात एक पेच आहे. जीएसटी नोंदणी घेतली की प्रमाणपत्र व्यवसायाच्या जागेत दिसेल असं लावायचं आणि प्रवेशाच्या नामफलकावर क्रमांक लिहायचा, असा नियम आहे. घरगुती व्यवसायाची व्याख्या बाहेरून धंदा दिसू नये म्हणते. दोन्ही पाळायचं तर घराच्या नेहमीच्या नावाच्या पाटीवर छोट्या अक्षरात क्रमांक, आणि 'भडंग मिळेल', दरपत्रक, फ्लेक्स, रोषणाई यांतलं काहीही नाही. अन्न नोंदणीचं प्रमाणपत्र आतल्या भिंतीवर.

त्या दोघींबद्दल: काम त्यांच्याच घरी द्या. कापड कापून, माप लावून पाठवायचं, नगावर मजुरी द्यायची. त्यांचं मशीन त्यांच्या घरात, तुमचं तुमच्या घरात, प्रत्येकीचा स्वतःचा घरगुती व्यवसाय. पण ही व्यवस्था खरी असली पाहिजे. कागदावर नगावर आणि प्रत्यक्षात रोज सकाळी दहा ते सहा तुमच्याच खोलीत, असं असेल तर तपासणीत टिकत नाही. किती नग, काय दर, कधी दिले याची साधी वही ठेवा.

तक्रार झाली तर. साधारणपणे आधी क्षेत्र कार्यालयाचा माणूस येऊन पंचनामा करतो, फोटो काढतो. मग नोटीस. ती कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली आहे हे पहिलं बघा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ खाली असेल तर 'विकास' या शब्दात वापरातला बदलही येतो, नवी वीट लावली नाही हा बचाव चालत नाही. कलम ५२ खाली शिक्षा एक महिना ते तीन वर्षं कैद आणि दोन ते पाच हजार दंड, चालूच ठेवलं तर रोजचा दंड वेगळा. एवढ्यावर प्रकरण क्वचित जातं, पण नोटीस खिशात घालून बसणं हाच सगळ्यात महागाचा मार्ग.

उत्तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत, लेखी, आवक शिक्क्यासह. सोबत मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, रेशनकार्ड (काम करणारे घरातलेच हे दाखवायला), मोटरच्या प्लेटचे फोटो आणि बिलं, १२ महिन्यांची वीज बिलं, फलक नसलेला दर्शनी फोटो. त्यात व्याख्येतली एकेक अट घेऊन ती कशी पाळली आहे ते लिहायचं. 'हा रूढ घरगुती व्यवसाय आहे' एवढं एक वाक्य पुरत नाही. प्रत्यक्ष सुनावणी मागा.

वापर खरोखरच व्याख्येबाहेर गेला असेल तर कलम ५३ मध्येच वाट आहे, नोटिशीच्या मुदतीत तो वापर कायम ठेवण्यासाठी परवानगीचा अर्ज करता येतो. अर्जाचा निर्णय होईपर्यंत नोटिशीची अंमलबजावणी थांबते. पण ७.५ मीटर रस्त्यावर दुकान किंवा कारखान्याचा वापर मिळणं अवघड, त्यामुळे तुमच्या बाबतीत त्यावर भिस्त ठेवू नका.

---

पेठभाग

अपार्टमेंटवाल्यांसाठी दोन ओळी लिहा की.

---

नकाशावाला

सोसायटी असेल तर उपविधी आणि अपार्टमेंट असेल तर घोषणापत्र काढा, ज्याला सगळे डिक्लरेशन म्हणतात. सांगलीत दुसरा प्रकार खूप आहे. त्यात युनिट 'निवासी' लिहिलं असेल तर वापर बदलायला बाकीच्या सदस्यांची संमती हा वेगळा प्रश्न उभा राहतो. नियमावलीतला घरगुती व्यवसाय असला तरी समितीला लेखी कळवून उत्तर घ्या. वाद बहुधा धंद्यावरून होत नाहीत. लिफ्टमधून जाणारी पोती, जिन्यात ठेवलेले डबे, डिलिव्हरीवाल्यांच्या गाड्या आणि कॉमन मीटरवरची वीज यांवरून होतात. जिना आणि पॅसेज आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट आहे, तिथे एक डबाही नको.

---

मीटर_रीडिंग

आवाजाचं राहिलं. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५. इंडस्ट्रियल शिलाई मशीन लाकडी टेबलावर, टेबल थेट स्लॅबवर असेल तर कंपन खालच्या मजल्यावर उतरतं. पायांखाली १० ते १२ मिमी रबर पॅड घाला, टेबल भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. क्लच मोटर पायडल न दाबताही घुमत राहते, सर्व्हो मोटर टाके घालतानाच फिरते. आवाज आणि युनिट दोन्ही कमी होतात. मात्र सर्व्होच्या प्लेटवर बहुतेक वेळा ५५० वॅट छापलेलं असतं आणि ०.७५ च्या हिशेबात तोच आकडा धरला जाईल, म्हणजे असं एकच मशीन बसतं. बाकीच्या दोन मशीनना १०० वॅटची घरगुती मोटर लावली तर एकूण ७५० होतात, अगदी काठावर. ओव्हरलॉक घ्यायचं असेल तर ते त्या दोन लहान मोटरींपैकी एकीच्या जागी घ्या आणि त्याचीही मोटर १०० वॅटचीच निवडा.

---

विश्रामबाग_दक्षिण

ठरवलं असं: झोन दाखल्याचा अर्ज या आठवड्यात. भाजणं आणि भरणं घरी, दळण कांडपावर. एक सर्व्हो आणि दोन घरगुती मोटरची मशीन, ओव्हरलॉक आत्ता नाही. शिलाईचं जादा काम नगावर बाहेर. कर्नाटकातली विक्री सध्या नाही. झोन दाखल्यात रस्त्याची रुंदी लेआउटपेक्षा वेगळी आली तर पुन्हा इथेच विचारते.

---

नकाशावाला

अर्जासोबत मंजूर लेआउटची प्रत जोडा, म्हणजे रुंदी तिच्यावरूनच नोंदवली जाईल. आणि दाखल्यावर सर्व्हे नंबर, प्लॉट नंबर तुमच्याच उताऱ्याप्रमाणे आहेत ना, ते खिडकीवरून हलण्याआधी तपासा. नंतर दुरुस्तीला नव्यानं अर्ज करावा लागतो.